क्रिएटिनिन वाढलं म्हणून बीपीची गोळी बंद करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या भावाचं वय 42. डोकं दुखतं म्हणून तपासलं तर बीपी 168/102 निघालं. लघवीतून प्रोटीन जातंय, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 900 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा, किडनी मंदावली की रक्तात वाढतो) 1.6, साखर नॉर्मल, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या ठीक. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन 40 सुरू केली. तीन आठवड्यांनी बीपी 146/90 वर आलं, पोटॅशियम 4.9, पण क्रिएटिनिन 1.8 झालं. घरच्यांचं म्हणणं, गोळीनं किडनी खराब होतेय, ती थांबवा. आणि खरा प्रश्न हा की बीपीमुळे किडनी बिघडली की किडनीमुळे बीपी वाढलं, आणि हे बीपी कधी जाईल का?

आधी तातडीचं सांगतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून गोळी बंद करण्याचं कारण मला दिसत नाही. स्वतःच्या मनानं तर मुळीच बंद करू नका. 1.6 चं 1.8 होणं म्हणजे साधारण साडेबारा टक्के वाढ. या गटातली औषधं सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही स्वीकारतो. तुमच्या भावाच्या बाबतीत ती रेषा 2.1 च्या आसपास येते. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर ते आधी आटोक्यात आणावं लागतं, पण 4.9 ला घाबरायचं कारण नाही.

ही वाढ का होते हे नीट समजलं तर भीती बरीचशी जाते. म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. त्यात रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. गुंत्यातल्या रक्ताला दाब असतो म्हणून पाणी आणि क्षार गाळले जातात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लीटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात. आजारात काही गाळण्या कायमच्या बंद पडतात आणि त्यांचं काम उरलेल्यांवर येतं. त्यांच्यातला दाब वाढतो, गाळण्याचा वेग वाढतो, आणि रिपोर्टवर क्रिएटिनिन बराच काळ बरं दिसत राहतं. पण हा वाढीव दाब त्या उरलेल्या गाळण्यांची जाळी फाडत असतो. लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं ते त्यामुळेच.

आता अँजिओटेन्सिन-2 हे शरीरातलं रसायन बाहेर जाणाऱ्या धमनीला जास्त आवळतं. वाट आवळली की गुंत्यातला दाब चढतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या 'सार्टन' औषधांनी आणि रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या 'प्रिल' औषधांनी ती वाट सैल होते. गाळण्यांवरचा ताण उतरतो, प्रोटीनची गळती कमी होते, आणि दाब उतरल्यामुळे गाळण्याचं प्रमाणही थोडं घटतं. ते थोडं घटणं म्हणजेच रिपोर्टवरचं 1.8. किडनीची पेशी मरून झालेली ही वाढ नाही. ताणून काम करणाऱ्या गाळण्या जरा सावकाश चालू लागल्या, एवढाच तिचा अर्थ.

यामागे भक्कम पुरावा आहे. 1993 मध्ये कॅप्टोप्रिलवर, टाइप 1 मधुमेहातल्या किडनी रुग्णांवर अभ्यास झाला. 2001 मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनवर टाइप 2 मधुमेहात मोठे अभ्यास झाले. मधुमेह नसलेल्या, पण प्रोटीन जाणाऱ्या रुग्णांमध्ये रामिप्रिलचा फायदा 1990 च्या दशकातच दिसला होता. सगळीकडे निष्कर्ष एकाच दिशेचा: किडनी निकामी होण्याचा वेग कमी होतो. किडनी खूपच कमजोर झाली असेल तर ही औषधं काढून टाकलेली बरी, असं बरेच डॉक्टर मानायचे. ब्रिटनमध्ये त्यावर थेट तुलना केली गेली आणि 2022 मध्ये निकाल आला. औषध बंद केलेल्यांची किडनी तीन वर्षांनंतर चालू ठेवलेल्यांपेक्षा चांगली राहिली नव्हती.

म्हणून मला काळजी वाटते ती घरात होणाऱ्या चर्चेची. क्रिएटिनिनचा एक आकडा हातात येतो, तो मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि दोष सगळ्यात नव्या गोष्टीवर, म्हणजे गोळीवर जातो. गोळी थांबते. पुढच्या रिपोर्टात क्रिएटिनिन जरा उतरतं, सगळ्यांना हायसं वाटतं. त्याच वेळी लघवीतलं प्रोटीन पुन्हा वाढलेलं असतं, पण ती तपासणी कोणी केलेलीच नसते. काही वर्षांनी असा रुग्ण येतो तेव्हा डायलिसिसची भाषा करावी लागते. माझ्या कामातला सर्वात वाईट भाग तोच. तेव्हा पुढच्या वेळी क्रिएटिनिनसोबत लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करून घ्या. 900 वरून ते 500-600 वर आलं असेल तर औषध आपलं काम करतंय.

मग वाढ 30 टक्क्यांच्या वर गेली तर? तरीही पहिला विचार 'औषध वाईट' हा नको. त्या दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या होत्या का? लघवीच्या गोळीचा, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीचा, डोस जास्त होता का? मधेच कोणी दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं का? सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी हे तीन एकत्र आले की धडधाकट माणसाची किडनीही अचानक बसू शकते. यातलं काहीच नसेल तर दोन्ही बाजूंच्या किडनीच्या मुख्य धमन्या अरुंद झाल्यात का ते पाहावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता आधी काय, बीपी की किडनी? दोन्ही दिशांनी वाहतूक चालते, आणि ही गोष्ट वैद्यकाला फार आधीपासून दिसत होती. 1836 मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी नोंदवलं होतं की किडनी आकसलेल्या रुग्णांचं हृदयही मोठं झालेलं असतं. बीपी मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतंच. 1898 मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चिमटा बसवून ती अरुंद केली, आणि त्यांना कायमचं उच्च बीपी झालं. किडनी बीपी वाढवू शकते हे तिथे पक्कं ठरलं.

हे कसं घडतं? एक, आजारी किडनीला मीठ नीट बाहेर टाकता येत नाही. मीठ राहिलं की पाणी राहतं आणि रक्ताचं आकारमान वाढतं. दोन, रक्त कमी पोचतंय असं वाटलेली किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन-2 बनतं, ते शरीरभरच्या धमन्या आवळतं आणि अल्डोस्टेरोन या संप्रेरकामार्फत आणखी मीठ धरून ठेवतं. तीन, बिघडलेल्या किडनीकडून मेंदूकडे सतत संदेश जातात आणि ताणाच्या वेळी जागी होणारी मज्जासंस्था दिवसरात्र जागी राहते. म्हणूनच या रुग्णांचं बीपी रात्री उतरत नाही. निरोगी माणसाचं बीपी झोपेत 10 ते 20 टक्के खाली येतं. किडनीच्या रुग्णात बऱ्याचदा ते येतच नाही, कधी उलट चढतं. दवाखान्यात 130 दिसणारा माणूस पहाटे 160 वर असू शकतो. आकडे आणि लक्षणं जुळत नसतील तर 24 तासांचं बीपी मोजणारं यंत्र लावायला मी सांगतो ते याच कारणानं.

आणि वाढलेलं बीपी पुन्हा त्याच नाजूक गाळण्यांवर आदळतं. निरोगी किडनीत आत येणारी धमनी स्वतःहून आकसून आतल्या गाळणीला वाचवते, आजारी किडनीत ही राखण ढिली पडते. म्हणजे किडनी बीपी वाढवते आणि बीपी किडनी संपवतं. सुरुवात कुठून झाली हे काही रुग्णांत शेवटपर्यंत ठरवता येत नाही, हे खरं आहे.

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र माझा कौल किडनीकडे आहे. नुसत्या जुन्या बीपीनं किडनी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा बीपीचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास असतो, प्रोटीन त्या मानानं कमी जातं, आणि डोळ्याच्या पडद्यावर व हृदयाच्या भिंतीवर त्या वर्षांच्या खुणा सापडतात. इथे वय 42, मधुमेह नाही, आणि प्रोटीन भरपूर. अशा वेळी गाळण्यांचाच आजार डोक्यात यायला हवा. जगभरात त्यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे आयजीए नेफ्रोपॅथी. वर्षानुवर्षं तो काहीही त्रास न देता चालू राहू शकतो आणि पहिल्यांदा सापडतो तो बीपीच्या रूपानं.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. नोकरीच्या किंवा विम्याच्या तपासणीचे जुने रिपोर्ट घरात असतील तर शोधा. पाच वर्षांपूर्वी बीपी 120/80 आणि लघवीत प्रोटीन एक प्लस अशी नोंद सापडली तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. दुसरं, ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी माणसाला पाहू द्या. वेड्यावाकड्या झालेल्या तांबड्या पेशी किंवा तांबड्या पेशींचे साचे दिसले तर रक्त गाळणीतूनच येतंय हे नक्की होतं. तिसरं, किडनीतज्ज्ञांना बायोप्सीबद्दल विचारा. सोनोग्राफीवर पाहत पाठीतून बारीक सुई घालून किडनीचा तुकडा काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण या वयात, एवढं प्रोटीन असताना, कारण न कळता वर्षं घालवण्यापेक्षा ती बरी. त्याआधी बीपी आटोक्यात आणावं लागतं, नाहीतर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

'सोनोग्राफी ठीक आहे' यावर विसंबू नका. सोनोग्राफी किडनीचा आकार, गाठी, खडे, अडथळा दाखवते. किडनी किती काम करते ते दाखवत नाही. 1.6 क्रिएटिनिन आणि 42 वय यावरून 2021 च्या सूत्रानं गाळण्याचं प्रमाण, म्हणजे ईजीएफआर, 55 च्या आसपास येतं. ते 60 च्या खाली तीन महिने टिकलं तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. बऱ्याच लोकांचं क्रिएटिनिन निम्मी क्षमता जाईपर्यंत लॅबच्या मर्यादेतच राहतं. लघवी त्याआधी बोलते.

किडनीच्या धमनीचा प्रकार वेगळा आहे. तरुण स्त्रीला अचानक जोरदार बीपी झालं तर फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया आठवावा. त्यात अँजिओग्राफीवर धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते, आणि फुग्यानं ती रुंद केली की बीपी पुष्कळदा उतरतं, काहींचं पूर्ण जातं. वयस्क, धूम्रपान करणाऱ्या माणसात धमनी चरबीच्या थरानं अरुंद होते. एक किडनी 8.5 सेंटीमीटर आणि दुसरी 10.5, असा दीड सेंटीमीटरहून जास्त फरक दिसला की मला ही शंका येते. मात्र चरबीच्या अडथळ्यात सरसकट स्टेंट टाकण्याचा फायदा 2009 आणि 2014 च्या मोठ्या अभ्यासांत दिसला नाही. बहुतेकांना औषधंच पुरतात. वारंवार फुप्फुसात अचानक पाणी भरणं, औषधांना दाद न देणारं बीपी, झपाट्यानं घसरणारी किडनी, अशांसाठी स्टेंटचा विचार अजूनही होतो.

बीपी कधी जाईल का? ते कारणावर आहे. लहान मुलांना घशाच्या संसर्गानंतर नेफ्रायटिस, म्हणजे गाळण्यांचा दाह, होतो, चेहरा सुजतो, लघवी गडद तपकिरी होते, बीपी चढतं. त्यातली बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. लघवीच्या मार्गातला अडथळा काढल्यावरही बीपी उतरू शकतं. दीर्घकालीन विकारात मात्र बीपी 'जात' नाही, ते ताब्यात ठेवावं लागतं, आणि त्यासाठी दोन-तीन प्रकारच्या गोळ्या लागणं नेहमीचं आहे. गोळ्यांची संख्या वाढली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं समजू नका.

किती खाली आणायचं? 130/80 च्या खाली हे बहुतेक ठिकाणी मान्य असलेलं लक्ष्य आहे. किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात 2021 पासून वरचा आकडा 120 च्या खाली सुचवला आहे, पण तो पूर्ण नियम पाळून मोजलेल्या बीपीसाठी. घाईगर्दीत एकदा घेतलेल्या मापावरून 120 चा हट्ट धरला तर माणूस उठताना चक्कर येऊन पडतो. तुमच्या भावाच्या वयात मी 130 च्या बराच खाली जायचा प्रयत्न करीन. 75 वर्षांच्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या माणसाला तेच लक्ष्य देणार नाही.

घरी मोजायचं ते असं. आधी लघवीला जाऊन यावं. अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, कपड्यावर नाही, आणि दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवाच. लहान पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोन मापं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी, सलग सात दिवस. वहीत सगळे आकडे लिहा, आवडलेलेच नव्हे. मला असा कागद मिळाला की औषध ठरवणं कितीतरी सोपं जातं.

146/90 अजून जास्त आहे. पुढची पायरी बहुधा टेल्मिसार्टनचा डोस वाढवणं आणि जोडीला दुसरं औषध. अंगात पाणी धरलं असेल, म्हणजे नडगीवर अंगठा दाबून ठेवल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर लघवीची गोळी उपयोगी. क्लोरथॅलिडोन किडनी कमजोर असताना चालत नाही असं पूर्वी मानत, पण किडनीविकाराच्या पाचपैकी चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांवर 2021 मध्ये झालेल्या अभ्यासात तिनं बीपी चांगलं उतरवलं. अॅम्लोडिपिनही चांगली, तिनं घोट्याशी सूज येते आणि ती किडनीची सूज समजून लोक हादरतात. ही गोळी कधी सुरू झाली ते डॉक्टरांना जरूर सांगा. प्रिल आणि सार्टन मात्र एकत्र घ्यायची नाहीत. 2008 च्या मोठ्या अभ्यासात जोडीनं फायदा वाढला नाही, अपाय वाढला.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल पुढच्या भेटीत आवर्जून विचारा. हे मधुमेहाचं औषध म्हणून आलं, पण 2020 च्या अभ्यासात मधुमेह नसलेल्या किडनी रुग्णांनाही त्याचा स्पष्ट फायदा झाला, आणि तुमच्या भावाचे आकडे त्यात घेतलेल्या रुग्णांशी जुळतात. बीपी त्यानं थोडंच उतरतं; औषध किडनीसाठी आहे. त्यानंही सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं, आणि त्याचंही कारण गाळणीतला दाब उतरणं हेच. तेव्हा पुन्हा दचकू नका.

मिठाबद्दल: दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत. जास्त मीठ खाल्लं की टेल्मिसार्टनचा परिणाम बोथट होतो आणि प्रोटीन जास्त जातं. पाकीटबंद पदार्थांतलं मीठ चवीला कळत नाही, म्हणून वेष्टनावरचा सोडियमचा आकडा वाचा. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्या किडनी रुग्णानं ते विचारल्याशिवाय वापरू नये, पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. किडनी 'धुऊन निघावी' म्हणून लीटरच्या लीटर पाणी पिण्यानं काही साधत नाही, आणि सूज असेल तर त्रासच होतो. घटक न छापलेली कोणतीही पुडी, चूर्ण, काढा यांपासून लांब राहा.

टेल्मिसार्टन तात्पुरती थांबवायची वेळही येते, ती माहीत असू द्या. जोरदार जुलाब, उलट्या, तापात खाणंपिणं बंद, अशा वेळी डॉक्टरांना फोन करून ही गोळी, लघवीची गोळी आणि असेल तर डापाग्लिफ्लोझिन एक-दोन दिवस थांबवतात आणि खाणं सुरळीत झालं की पुन्हा सुरू करतात. हे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी: गरोदरपणात सार्टन आणि प्रिल बाळाला घातक आहेत, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच बोलून औषध बदलून घ्या.

बीपी 180/120 च्या वर आणि सोबत धाप, छातीत दुखणं, अंधुक दिसणं, बरळणं किंवा झटके, यातलं काहीही असेल तर घरी गोळी देऊन वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा.

पुढचे दोन ते चार आठवडे टेल्मिसार्टन चालू ठेवून क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीचं गुणोत्तर एकाच दिवशी करा, सात दिवसांची बीपीची वही सोबत न्या, आणि बायोप्सीचा प्रश्न तेव्हाच विचारा. आणि तुम्ही त्यांचे सख्खे भावंड आहात. किडनीचे काही आजार घराण्यात चालतात आणि बरीच वर्षं काहीच जाणवू देत नाहीत. तुमचं स्वतःचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणीही त्याच दिवशी करून घ्या.